काडीरावांच्या चार काड्या

१

पक्कडचं खरं नाव त्याच्या बायकोलाही पटकन आठवायचं नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, जाडजूड बोटं, सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटी पक्कड, आणि एकदा धरलेलं सोडायचं नाही असा स्वभाव. खिळा धरला तर खिळा, वाद धरला तर वाद. हे नाव त्याला काडीरावांनी ठेवलं होतं. काडीरावांनी ठेवलेलं नाव म्हणजे भिंतीवर उडालेलं तेल, पुसाल तेवढं पसरणार.

काडीराव म्हणजे त्याचा जुना दोस्त. अंगानं काडी, आणि उद्योगही तेच. जन्मभर माणूस दुसऱ्यांच्या कामात काड्या सारत बसला. गेल्या वर्षी वारला, तेव्हा पक्कड त्यांच्या घरी गेला तो आधी पडद्यामागे डोकावून आला. लोकांनी त्याला नावं ठेवली. पण ज्याच्या खुर्चीचे स्क्रू दर महिन्याला ढिले केले गेले असतील, त्या माणसानं पडद्यामागे बघू नये तर काय करावं.

तर त्या दिवशी जेवण झालेलं, ऊन मी म्हणत होतं, आणि पक्कड दुकानात एका बिघडलेल्या प्रिंटरवर पाय ठेवून डुलकी काढत होता. फोन वाजला. काडीरावांच्या बायकोचा.

"भाऊजी, कामात आहात का?"

"छे हो वहिनी. हातात एक अवघड केस आहे, पण बोला."

"झोपला होतात ना?"

"बोला."

"नेट गेलंय. पाचच्या आत येऊन बघाल का?"

"त्या नेटच्या डब्याचा दिवा लागलाय? हिरवा?"

"डबा ठणठणीत आहे. कॉम्प्युटरलाच पकडत नाहीये. काल संध्याकाळपासून."

"काही पडलंबिडलं का?"

पक्कडनं फोन कट झाला का ते बघितलं.

"काय पडणार आहे? आपलं आपण गेलं," वहिनी म्हणाल्या.

म्हणून पक्कडनं पिशवीत स्क्रूड्रायव्हर, चिकटपट्टी आणि एक आखूड वायर एवढंच टाकलं आणि निघाला. खरं सांगितलं असतं तर त्यानं वायफायचं नवीन कार्ड आणलं असतं, आणि पुढचं काही घडलंच नसतं. किंवा घडलंही असतं. काडीरावांचा काय नेम.

२

तिसरा मजला, लिफ्ट नाही. पक्कड प्रत्येक वळणावर थांबून भिंतीचा रंग निरखत असल्याचं दाखवायचा, तेवढाच दम खायला मिळायचा. वर पोचला, आत गेला, दार लोटलं आणि कडी सरकवली. कडी सरकवल्याचं त्याला पुढे नीट आठवत होतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनींनी स्वेटर घातला होता. लांब बाह्यांचा, लोकरीचा. बाहेर कावळे सावली शोधत होते आणि वहिनी लोकरीत.

"थंडी वाजतेय?"

"जरा कसर वाटतेय. चहा ठेवते."

एका हातानं त्यांनी भांडं उचललं. त्याच हातानं ते ओट्यावर ठेवून मग नळ सोडला. पक्कडनं बघितलं, पण त्याचं डोकं एका वेळी एकच गोष्ट धरायचं, आणि ते आता टेबलाखाली होतं.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर स्क्रीन, खाली जमिनीवर कॉम्प्युटरचा उभा डबा. खुर्चीत बसलं की पाठ सरळ दाराकडे. काडीराव असते तर म्हणाले असते, पाठीत लाथ घालायला सोयीची जागा आहे.

डब्याचा एक कोपरा चेपला होता. मागच्या बाजूला वायफायच्या कार्डाला दोन अँटेना असतात, शिंगांसारख्या. त्यातलं एक शिंग मुळातून तुटून लोंबत होतं, दुसरं वाकडं झालं होतं, आणि कार्डाची शिंग अडकवायची पितळी बोंडी उखडून आली होती.

"वहिनी, हा आपला आपण गेला?"

"काय झालं?"

"याला कोणीतरी बदडलाय."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "केर काढताना धक्का लागला. सांगायचं राहिलं."

आता हे सांगायला हवं, की यात वहिनींचा जीव का अडकला होता. लेक लांबच्या गावी. बाप गेल्यावर ती म्हणाली, आई, एकटी राहू नकोस, चल. आई म्हणाली, मी ठणठणीत आहे. लेक म्हणाली, फोनवर तू कायमच ठणठणीत असतेस. न्यूमोनिया झाला होता तेव्हाही होतीस. शेवटी मांडवली झाली. रोज संध्याकाळी पाच वाजता कॉम्प्युटरसमोर बसून तोंड दाखवायचं. ज्या दिवशी लपवाछपवी सापडेल, त्या दिवशी सामान बांधायचं. घर विकायचं. काल वहिनी पडद्यावर आल्या नाहीत. दिवे गेले होते, असं फोनवर सांगून त्यांनी वेळ मारून नेली. आज दुसऱ्यांदा दिवे गेले असते तर लेकीनं वीज कंपनीलाच फोन लावला असता, बापाचीच लेक.

"माझ्या मोबाईलवरून लावू या ना व्हिडिओ," पक्कड म्हणाला.

"म्हणजे ती विचारणार, कॉम्प्युटर का नाही. पडला. कसा पडला. नको भाऊजी. हीच खुर्ची, हीच भिंत पाठीमागे दिसली पाहिजे."

३

पक्कडनं वाकडं शिंग सरळ केलं, बोंडी पकडीनं दाबून बसवली, कार्ड काढून फुंकर मारली आणि पुन्हा खोचलं. कॉम्प्युटर दुरुस्तीतलं निम्मं शास्त्र फुंकर मारण्यात आहे, पण ते गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. मग बटण दाबलं.

डबा सुरू झाला, पण आतून आवाज यायला लागला. टक. जरा वेळानं टक टक. चेपलेल्या पत्र्यामुळे एक वायर पंख्याच्या पात्याला लागत होती. पक्कडनं ती बाजूला सारून चिकटपट्टीनं बांधली. आवाज थांबला.

टेबलाच्या मागे हात घातला तर बोटांना काहीतरी काचेचं लागलं. चष्मा. जाड भिंगांचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. काडीरावांचा.

"मिळाला?" वहिनी इतक्या चटकन आल्या की चहा बशीत सांडला. "फुटला नाही ना?"

"नाही. इथे काय करतोय?"

"डब्यावरच ठेवलेला असतो. तिथेच राहिला होता ना त्यांचा."

पक्कडला आठवलं. काडीरावांची ती एक खोड होती. बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर बोटातली अंगठी वाजवायची, टक टक, म्हणायचं "येतो", वहिनींनी आतून म्हणायचं "या". की अर्ध्या जिन्यावरून स्वारी परत. चष्मा राहिला, किल्ली राहिली, पिशवी राहिली. वहिनी तर दार लगेच लावतच नसत. एका दिवशी मात्र "येतो" म्हणून गेले आणि परत आले नाहीत. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसले ते बसलेच. चष्मा घरीच होता. लोक म्हणाले, हृदय. वहिनी एवढंच म्हणाल्या की परत कसे आले नाहीत, चष्मा राहिला होता ना.

त्यांनी चष्मा स्वेटरच्या बाहीनं पुसला आणि टेबलावर ठेवला. पुसतानाही एकच हात.

पक्कडनं स्क्रीनवर नेटची यादी उघडली. तिथे खरं तर रांग असायला हवी. खालच्यांचं नेट, समोरच्यांचं, शिकवणीवाल्या बाईंचं, आणि या घरातलं नवीन, ज्याचं नाव म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरांचा भुसा. जुना डबा कंपनीच्या माणसानं काढून नेला तेव्हा काडीरावांनी ठेवलेली नावंही गेली. काय एकेक नावं असायची, चक्क मराठी अक्षरात. "फुकट्यांनो सुधारा." "खालचे काका घोरतात." एकदा तर महिनाभर सगळ्या इमारतीला यादीत दिसत होतं, "पक्कडला टक्कल पडलंय."

आता यादीत यातलं काही नव्हतं. शिंगच तुटलं तर कुठून असणार. फक्त एक नाव होतं.

"पडलीस ना"

आणि पुढे सिग्नलच्या चारही काड्या भरलेल्या.

४

पक्कडनं आधी डोळे चोळले, मग चहा प्यायला. त्याची अक्कल सावकाश चालायची पण नीट चालायची. तुटक्या शिंगाला चार काड्या मिळत नाहीत. शेजारचं नेट एका काडीवर लंगडत आलं असतं तर समजण्यासारखं होतं. चार काड्या म्हणजे नेटचा डबा याच खोलीत आहे.

"वहिनी, जुना डबा कंपनीवाल्यानं नक्की नेला?"

"माझ्या समोर. यांनी त्याला मिशा काढल्या होत्या पेननं, तो माणूस हसला पण."

मग पक्कडला हळूहळू हसू यायला लागलं. आलं लक्षात. हा काडीरावांचाच उद्योग. मरायच्या आधी कुठेतरी एखादं यंत्र लपवून ठेवलं असणार, अमुक दिवसांनी आपोआप सुरू होणारं. बायको घाबरेल, पक्कड धावत येईल, शोधून शोधून घामाघूम होईल. माणूस नाही, पण काडी आहेच. लेका, तिथूनसुद्धा.

तो कामाला लागला. टेबलाचे खण काढले. स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवला, तिथे फक्त धूळ आणि एक रबरी पाल निघाली. पाल पाहून तो स्टुलावरून पडता पडता वाचला आणि त्याची खात्रीच पटली. आतल्या खोलीत गेला. नवा डबा भिंतीला ठोकलेला, हिरवा दिवा. आखूड वायर लावून बघितली, ती आतल्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंतच पोचली. गादीखाली बघितलं. फुलदाणीत बघितलं.

"काय शोधताय?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्या नवऱ्याचा शेवटचा चावटपणा."

"शेवटचा नसेल तो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी अजून स्क्रीन बघितली नव्हती.

पक्कड परत टेबलाशी आला. यंत्र सापडत नाही तर निदान हे खोटं पाडू, म्हणून त्यानं कॉम्प्युटर बंद केला, कार्ड उपसून काढलं आणि चष्म्याशेजारी टेबलावर ठेवलं. आता कॉम्प्युटर म्हणजे आंधळा आणि बहिरा. नेट पकडायला आत अवयवच नाही. पुन्हा बटण दाबलं.

यादी उघडली.

चार काड्या. नाव बदललेलं.

"हात दाखव"

५

खोलीत ऊन होतं. हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टी अंधारात झाल्या तर माणूस अंधाराला दोष देऊन मोकळा होतो. टेबलावर उन्हाचा चौकोन पडला होता, त्यात कार्ड पडलं होतं, उखडलेल्या पितळी बोंडीसकट. पक्कडनं ते बोटानं ढकलून बघितलं. सरकलं. म्हणजे खरंच बाहेर होतं.

त्याच्या मानेवर बारीक काटा आला. तो त्यानं हातानं खाली बसवला, जसे पोरांचे केस बसवतात तसा.

मग त्याच्या डोक्यात एक एक गोष्ट लागत गेली. स्वेटर. एका हातानं उचललेलं भांडं. बशीत सांडलेला चहा. डब्याचा चेपलेला कोपरा. आता केराच्या धक्क्यानं लोखंड एवढं चेपतं का. त्यावर माणूस पडावं लागतं.

"वहिनी," तो म्हणाला, "हात दाखवा."

"ज्योतिष कधीपासून बघायला लागलात?"

"डावा. बाही वर करा."

"काही झालेलं नाही हो."

"मी नाही म्हणत. हे म्हणतायत."

त्यानं स्क्रीनकडे बोट केलं. वहिनी पुढे झाल्या, वाकल्या, वाचलं. पक्कडला वाटलं किंचाळतील, निदान मटकन बसतील. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं. नवऱ्यानं चारचौघांत चूक काढली की बायकांच्या चेहऱ्यावर येतं ते होतं.

"चोंबडे कुठले," त्या म्हणाल्या.

आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून निळा झाला होता.

"चष्मा घसरून मागे पडत होता. तो धरायला गेले," त्या म्हणाल्या. "तोल गेला. डब्यावरच आदळले. रात्रभर ठणका होता. पण तिला कळलं असतं तर ती आजच गाडी घेऊन आली असती, भाऊजी. आणि हे घर गेलं तर…"

"तर काय?"

"यांना सापडणार कुठे मी?"

पक्कडनं चष्मा उचलला, पुन्हा ठेवला. घड्याळात पाच व्हायला आले होते.

६

"पासवर्ड मागतंय," पक्कड म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरका झाला होता. "नाही जोडलं तरी चालेल. मी म्हणतो, नकोच जोडू या. मोबाईल आहे माझा."

"सरका," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

पासवर्डची पण एक कथाच आहे. काडीरावांनी नेट नवीन घेतलं तेव्हा पक्कडनं विचारलं, पासवर्ड काय? काडीराव म्हणाले, सांगणार नाही. पक्कड म्हणाला, अरे, मला कॉम्प्युटर जोडायचाय तुझा. काडीराव म्हणाले, सांगणार नाही. दुपारभर चाललं. पक्कडनं शिव्या दिल्या, पिशवी आवरली, जिना उतरला, पुन्हा चढला. प्रत्येक वेळी उत्तर एकच. शेवटी वहिनींनाच दया आली. भाऊजी, म्हणाल्या, तोच पासवर्ड आहे. "सांगणार नाही." सलग टाका, मध्ये जागा न सोडता.

वहिनींनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाकलं. जोडलं गेलं. लगेच, एका दमात. नवा डबा आला तेव्हापासून इतकं झटकन कधी जोडलं गेलं नव्हतं.

पाच वाजता लेकीचा चेहरा आला.

"आज वेळेवर. काल दिवे गेले होते म्हणे."

पक्कड वहिनींच्या खुर्चीमागे उभा होता. त्याला त्यांचं डोकं दिसत होतं, आणि त्यांचा उजवा हात डाव्या बाहीवर गेलेला. ती बाही त्या खाली ओढत होत्या. मग थांबल्या. मग हात सरळ पुढे धरला.

"दिवे नव्हते गेले, चिऊ. मी पडले."

पक्कड जमिनीकडे बघायला लागला. ज्या भांडणात आपला काही संबंध नाही तिथे जमीन बघावी, हे त्याला लग्नानंतर कळलेलं होतं.

"कधी सांगणार होतीस?" लेकीनं शेवटी विचारलं.

"सांगणारच नव्हते."

"मग?"

"कोणीतरी चुगली केली."

"पक्कडकाका?"

"मी नाही गं बाई," पक्कड घाईघाईनं म्हणाला.

लेक रडते आहे की हसते आहे ते नीट कळेना. "आई, तू पडतेस म्हणून नाही गं मी भांडत. लपवतेस म्हणून. पडली तर पडली, माणसं पडतात. मला कळलं तर पाहिजे." तिनं नाक पुसलं. "उद्या येते. हाताचा फोटो काढून घेऊ, हाड बघू. घाबरू नकोस, न्यायला नाही येत. घर राहू दे. आज खरं बोललीस ना."

वहिनींच्या खांद्यांतला ताण गेलेला पक्कडला मागून दिसला. कालपासून धरलेला श्वास एका वेळी सोडल्यासारखा. त्यालाही बरं वाटलं. सगळं इथेच संपतं तर किती छान झालं असतं.

"पण कॅमेरा कुठे लावलायस?" लेक म्हणाली. "मला तुमच्या पाठी दिसतायत."

७

स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटी चौकट असते, त्यात आपण आपल्याला दिसतो. पक्कडनं तिकडे बघितलं.

कॅमेरा स्क्रीनच्या डोक्यावर बसवलेला होता, त्याचं काळं भिंग त्यांच्याकडे रोखलेलं. चौकटीत त्यांचे चेहरे दिसायला हवे होते. दिसत होती वहिनींची पाठ, स्वेटर, अंबाडा. आणि तिच्यामागे एका जाड माणसाची पाठ. त्या माणसाच्या डोक्यावर मागच्या बाजूला वाटीएवढं टक्कल होतं. पक्कडनं हळूच स्वतःच्या डोक्याच्या मागे हात नेला. चौकटीतल्या माणसानंही नेला. काडीराव इतकी वर्षं सांगत होते, त्याला थट्टा वाटायची.

चित्र वरून दिसत होतं, उंच माणूस बघेल तसं. दारातून. आणि ते अगदी स्थिर नव्हतं. माणूस उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतो, तेवढंच हलत होतं.

दार तर मी लावलं होतं, पक्कडच्या मनात आलं. कडी सरकवली होती. पाठीला मात्र जिन्यातला गार वारा लागत होता.

"काका? काय झालं?" लेकीचा आवाज अडखळायला लागला. "तुमच्या मागे… मला नीट…" तिचा चेहरा चौकोन चौकोन झाला आणि थांबला.

टक टक.

पंख्याचा आवाज, पक्कडनं स्वतःला सांगितलं. वायर सुटली असेल. त्यानं खाली बघितलं. वायर चिकटपट्टीत नीट बांधलेली होती आणि पंखा गुपचूप फिरत होता. आवाज मागून आला होता. लाकडावर धातू वाजल्याचा.

मान वळवायला काय लागतं? काही नाही. एक झटका. पक्कडनं आयुष्यात धरलेलं काही सोडलं नव्हतं, आणि आता त्यानं खुर्चीची पाठ धरली होती, ती सोडवत नव्हती.

कोपऱ्यातलं नेटचं नाव बदललं.

"येतो"

चार काड्या भरलेल्या.

पक्कड ते वाचत राहिला. एवढासा शब्द, रोज दहा वेळा तोंडातून जाणारा. कुणी निघाला तरी तोच, कुणी यायला लागला तरी तोच. त्या घटकेला त्याला कळेना की हा कुठला. निघालास का रे बाबा? काम झालं, बायकोनं खरं सांगितलं, घर राहिलं, म्हणून निघालास? की उंबरठ्यावरून आत पाऊल टाकतोयस? माणूस समोर असला की चेहऱ्यावरून कळतं. नुसत्या अक्षरांवरून काय कळणार.

"वहिनी," तो कुजबुजला, "काही बोलू नका. उत्तर देऊ नका."

पण सवय ती सवय. संसारभर ज्या शब्दामागून जो शब्द गेला तो गेलाच.

"या," वहिनी म्हणाल्या.

८

चौकटीतल्या पाठी हलल्या. पक्कडनं श्वास धरला. मोठ्या होतात की लहान?

लहान झाल्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दाराचं लाकूड आलं, म्हणजे बघणारा मागे सरकला. मग दाराबाहेरची फरशी, पायपुसणं, जिन्याचा कठडा. खोलीतली दोन माणसं आता बोटभर झाली, त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर स्क्रीनचा उजेड. मग कठडा एकेक पायरीनं वर जायला लागला. तीन काड्या. दोन. पक्कडच्या छातीतलं ओझं उतरत गेलं, आणि त्याला काय झालं कोण जाणे, डोळ्यांत पाणीच आलं. जा, बाबा, नीट जा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

एक काडी.

चित्र अर्ध्या जिन्यावर थांबलं. पापुद्रे निघालेली भिंत, तीच जी पक्कड निरखत दम खात आला होता. बराच वेळ ती तशीच दिसत राहिली. शेवटची काडी विझायला हवी होती. विझेना.

पक्कडनं खुर्ची सोडली आणि वळला. दार सताड उघडं होतं, जिन्यात संध्याकाळचं पिवळं ऊन, माणूस कोणी नाही. तो भराभर दारापर्यंत गेला. खाली डोकवायचा मोह त्यानं गिळला, दार लोटलं आणि कडीला हात घातला.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या.

त्या उठून आल्या होत्या. दुखरा हात छातीशी धरलेला, आणि दुसऱ्या हातात ती जाड भिंगं, दोऱ्यानं बांधलेल्या काडीसकट. बाहीनं पुन्हा एकदा पुसून त्यांनी ती दाराशेजारच्या चपलांच्या फळीवर ठेवली, बाहेरून नुसता हात घातला तरी मिळेल अशी. केसांवरून हात फिरवला.

"दार लावू नका," त्या म्हणाल्या. "चष्मा राहिलाय यांचा."